गंगापूरच्या दगडापासून पेठच्या वंशावळीपर्यंत: मानवशास्त्र शिकताना

नाशिकमध्ये मानवशास्त्र हा विषय बहुतेकांना ठाऊक असतो तो स्पर्धा परीक्षांमुळे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील वैकल्पिक विषयांच्या यादीत तो आहे, अभ्यासक्रम आटोपशीर आहे आणि आकृत्या काढून गुण मिळवता येतात, अशी त्याची ख्याती अभ्यासिकांमधून पसरलेली आहे. मी तो पुण्यात विद्यापीठात पदव्युत्तर पदवीसाठी शिकले आणि नाशिकला परतल्यापासून पेठ, सुरगाणा, दिंडोरी या तालुक्यांतील आरोग्यविषयक सर्वेक्षणांच्या कामात तो जवळजवळ रोज वापरते. पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी अधूनमधून विचारतात की या विषयात नेमके शिकवतात काय, कवट्या की जाती, उत्खनन की बोली. या सगळ्याच गोष्टी शिकवतात, हे उत्तर खरे असले तरी त्याने कोणाचे समाधान होत नाही. माझ्या मते या शिक्षणाचा गाभा एका सवयीत आहे: माणसाचे शरीर, त्याची भाषा आणि त्याची रीत या तिन्ही गोष्टींची साक्ष वेगवेगळी नोंदवायची आणि एकीवरून दुसरीचा निष्कर्ष पुराव्याशिवाय काढायचा नाही.

ही शिस्त मुख्यतः फ्रांझ बोआस यांच्याकडून आली. मूळचे जर्मन आणि भौतिकशास्त्राचे पदवीधर असलेले बोआस पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्थिरावले, आणि शारीरिक मानवशास्त्र, पुरातत्त्व, भाषा व संस्कृती या चार शाखा एकाच छत्राखाली शिकवण्याची अमेरिकी परंपरा त्यांच्या प्रभावाखाली रुजली. स्थलांतरित आणि त्यांची मुले मिळून सुमारे १८ हजार लोकांची मोजमापे घेऊन त्यांनी १९११ च्या सुमारास दाखवून दिले की, ज्या डोक्याच्या आकारावरून ‘वंश’ ठरवले जात होते तो आकार अमेरिकेत जन्मलेल्या पुढच्याच पिढीत बदलतो. भारतात कोलकाता विद्यापीठात १९२० मध्ये या विषयाचा पदव्युत्तर विभाग सुरू झाला. आजही आपल्याकडील बहुतेक विभागांत विज्ञान आणि कला अशा दोन्ही शाखांचे विद्यार्थी येतात, त्यामुळे पहिल्या सत्रात प्राणिशास्त्राच्या पदवीधरांना नातेसंबंधांचे तक्ते जड जातात आणि मराठी किंवा समाजशास्त्र घेतलेल्यांना हाडांची नावे.

हाडांपासूनच सुरुवात होते. प्रयोगशाळेत चिंपांझी, ऑस्ट्रेलोपिथेकस, निअँडरथल आणि आधुनिक माणूस यांच्या कवट्यांच्या प्लास्टर प्रतिकृती एका ओळीत मांडलेल्या असतात, आणि नवा विद्यार्थी साहजिकच चेहऱ्याकडे पाहतो, जबड्याकडे पाहतो, भुवयांवरच्या उंचवट्याकडे पाहतो. शिक्षक मात्र कवटी उलटी करायला सांगतात. तळाशी एक भोक असते, ज्यातून मज्जारज्जू मेंदूत शिरतो. चिंपांझीच्या कवटीत ते मागच्या बाजूला सरकलेले असते, कारण त्याचा कणा डोक्याला मागून येऊन मिळतो. आपल्या कवटीत ते तळाच्या मध्याजवळ असते, कारण आपले डोके ताठ कण्यावर तोललेले असते. दक्षिण आफ्रिकेतील टाँग येथे १९२४ मध्ये एका बालकाची जीवाश्म कवटी मिळाली, तेव्हा शरीररचनाशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांनी मुख्यतः याच भोकाच्या जागेवरून ते बालक दोन पायांवर चालत असले पाहिजे, असा निष्कर्ष काढला. अंगठ्याने ती कड चाचपून पाहिली की पुस्तकातील ‘द्विपाद गती’ हा शब्द प्रथमच खरा वाटू लागतो.

डार्ट यांच्यावर बराच काळ कोणी विश्वास ठेवला नाही, आणि त्यामागचे कारण हाडांपेक्षा माणसांच्या समजुतींविषयी अधिक सांगते. इंग्लंडमध्ये १९१२ साली जाहीर झालेल्या पिल्टडाउनच्या कवटीत मेंदू मोठा आणि जबडा वानराचा होता. माणूस आधी बुद्धिमान झाला आणि मग माणसासारखा झाला, ही त्या काळच्या विद्वानांची आवडती कल्पना तिच्यामुळे सिद्ध होत होती. ती कवटी बनावट असल्याचे १९५३ मध्ये उघड झाले. प्रत्यक्षात क्रम उलटा होता. इथिओपियातील हदार येथे १९७४ मध्ये सापडलेली ‘ल्यूसी’ सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. ती दोन पायांवर चालत होती, पण तिचा मेंदू चिंपांझीच्या मेंदूपेक्षा फारसा मोठा नव्हता. टांझानियातील लेटोली येथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावले त्याहूनही जुनी, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे आपले पूर्वज आधी चालू लागले आणि मेंदूची मोठी वाढ त्यानंतर लक्षावधी वर्षांनी झाली.

पुढची कथा आता वर्तमानपत्रांतूनही येते, म्हणून ती थोडक्यात सांगते. आपल्या जीवजातीचे, म्हणजे आधुनिक माणसाचे, आतापर्यंतचे सर्वांत जुने मानले जाणारे अवशेष मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील, सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. निअँडरथलच्या जनुकसंचाचा आराखडा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि आफ्रिकेबाहेरील माणसांत त्याचा एक ते दोन टक्के अंश आढळला, तेव्हा माणसाच्या उत्क्रांतीचे फांद्या फुटत जाणारे झाड काढण्याची पद्धत अपुरी ठरली, कारण येथे वेगळ्या झालेल्या फांद्या पुन्हा एकमेकींत मिसळल्या होत्या. भारताच्या वाट्याला आलेली प्राचीन मानवी कवटी म्हणजे मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोरा येथे अरुण सोनाकिया यांना १९८२ मध्ये मिळालेली. ती नेमकी कोणत्या मानवी जीवजातीची यावर अजून एकमत नाही. हाडे इतकी दुर्मीळ असताना दगडी हत्यारे मात्र आपल्या नद्यांच्या काठी विपुल मिळतात, आणि हा विषय नाशिकच्या अगदी दारात येतो तो येथेच.

गंगापूर धरणामुळे गंगापूर हे नाव प्रत्येक नाशिककराला माहीत आहे. त्या परिसरात गोदावरीच्या जुन्या गाळात पुरातत्त्वज्ञ हसमुख धीरजलाल सांकलिया यांना पूर्वपाषाणयुगीन हत्यारे मिळाली होती, आणि १९५२ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे त्यांवर त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. नदीच्या खालच्या अंगाला, नांदूर-मध्यमेश्वरच्या बाजूला, गोदावरीच्या गाळात हत्तीच्या लुप्त जातीचे जीवाश्मही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदले गेले. आपण जेथे आता फ्लेमिंगो पाहायला दुर्बीण घेऊन जातो, तेथे आजच्या हत्तींहून मोठे हत्ती वावरत होते.

प्रात्यक्षिकात आम्हाला जे शिकवले गेले ते हत्यारांच्या नावांपेक्षा त्यांच्यावरील खुणा वाचणे होते. नदीत घरंगळलेला दगडही फुटतो, त्यालाही कडा येतात. मग माणसाने फोडलेला दगड ओळखायचा कसा? जॅस्पर किंवा चर्टसारख्या बारीक पोताच्या दगडावर दुसऱ्या दगडाने नेमक्या ठिकाणी आघात केला की जो छिलका निघतो, त्याच्या आतल्या अंगाला आघाताच्या जागेखाली एक फुगवटा राहतो आणि त्यापासून पाण्यातील लाटांसारख्या मंद रेषा पसरत जातात. ज्या गाभ्यातून छिलका निघाला तेथे त्याच आकाराचा खोलगा पडतो. असे अनेक खोलगे एकापाठोपाठ एक, दोन्ही बाजूंनी, एकच कड धारदार करण्याच्या बेताने पडलेले दिसले की तेथे हात आणि हेतू दोन्ही होते, असे म्हणता येते. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत हे रंगीत गारगोटीचे दगड तयार होतात; सिन्नरच्या खनिज संग्रहालयात त्यांची देखणी रूपे काचेआड पाहायला मिळतात, तर नेवाशाला प्रवरेकाठी त्यांचीच मध्यपुराश्मयुगीन तासण्या आणि टोके मिळाली. पुस्तकातील आकृतीपेक्षा छिलका हातात धरून तो फुगवटा बोटाला लागणे अधिक शिकवून जाते, आणि म्हणूनच केवळ परीक्षेसाठी हा विषय घेणाऱ्यांनीही एकदा तरी एखाद्या विभागाचे संग्रहालय पाहावे, असे मी आग्रहाने सांगते.

खुद्द नाशिक शहरात गोदाकाठच्या मातीच्या गढीवर सांकलियांच्या चमूने १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. त्याच मोहिमेत संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथेही काम झाले, आणि लाल पृष्ठावर काळी नक्षी असलेल्या मडक्यांमुळे ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव रूढ झाले. इसवी सनपूर्व १४०० ते ७०० या काळातील ही शेतकऱ्यांची वस्ती शिरूर तालुक्यातील इनामगावला सर्वांत तपशिलाने उलगडली. तेथे लहान मुलांना दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडून घराच्या जमिनीखाली पुरलेले आढळले, तर कित्येक प्रौढांची पावले घोट्यापासून तोडलेली होती. मृताने परत चालत येऊ नये म्हणून असे केले असावे, असा तर्क पाठ्यपुस्तकांत सर्रास दिलेला असतो आणि विद्यार्थी तो वस्तुस्थिती म्हणून पाठ करतात. मातीने जे सांगितले ते एवढेच की पावले तोडलेली होती. ती का तोडली, हे सांगणारी माणसे आणि त्यांची भाषा दोन्ही उरलेली नाहीत. तर्क शक्य आहे, संभाव्यही आहे, पण त्याची पायरी पुराव्याच्या खालची आहे. परीक्षेत या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवून लिहिलेले उत्तर मला नेहमी अधिक मोलाचे वाटते.

पायऱ्या एकत्र केल्यावर काय होते, याचा धडा मानवशास्त्राला स्वतःच्याच इतिहासातून घ्यावा लागतो. हर्बर्ट रिस्ली १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते आणि नाकाची रुंदी व उंची यांच्या गुणोत्तरावरून जातींची उच्चनीचता ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही प्रात्यक्षिकात आजही कॅलिपर, म्हणजे हाडांची अंतरे मोजण्याचे उपकरण, हाताळतो, नाकाचा निर्देशांक काढतो आणि शंभराने गुणून वहीत लिहितो, पण त्या आकड्यावरून कोणाची सामाजिक पायरी सिद्ध होते या कल्पनेला मालवणात जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ मध्येच आकडेवारीनिशी आव्हान दिले होते. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑइगेन फिशर यांच्याकडे संशोधनासाठी गेल्या. कवटीच्या असमतोलाचा वंशाशी संबंध असल्याची त्यांच्या मार्गदर्शकांची धारणा होती. कवट्या मोजून झाल्यावर तसा संबंध दिसत नाही, असे कर्वे यांनी नोंदवले. फिशर पुढे नाझी वंशधोरणाशी जोडले गेले. कर्वे पुण्याला परतल्या आणि डेक्कन कॉलेजात या विषयाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक झाल्या.

मोजमापाचा आणि वर्गीकरणाचा हव्यास केवळ पुस्तकांत राहिला नाही, हेही नव्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या गेल्या. तो शिक्का कायद्यातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला, पण पारधी समाजाच्या वाट्याला येणारी पोलिसी नजर अजून पुरती पुसलेली नाही. दुसऱ्या बाजूला याच विषयाच्या वर्गातून जातीविषयी सर्वांत स्पष्ट विश्लेषणांपैकी एक पुढे आले. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, बोआस यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांवरचा निबंध वाचला. जातीचा गाभा वंशात नसून आपल्यातच लग्ने लावण्याच्या बंधनात आहे, हे त्यांनी तेथे मांडले तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचा आणि १९३५ च्या येवल्याच्या घोषणेचा हा जिल्हा. येथील विद्यार्थ्यांना ती आंदोलने तारखांसह पाठ असतात, पण त्यांच्या मागचा हा मानवशास्त्रीय निबंध वाचलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटतो.

भाषेच्या शाखेबद्दल आमच्या वर्गात सर्वांत कमी उत्साह होता, आणि पुढे प्रत्यक्ष कामात मला तिचाच सर्वांत अधिक उपयोग झाला. बोलणे जीवाश्म होत नाही. इस्राएलमधील केबारा गुहेत निअँडरथलचे जिभेच्या मुळाशी असणारे हाड १९८३ मध्ये मिळाले आणि ते आपल्यासारखेच आहे, पण हाड आहे म्हणजे व्याकरण होते, असे म्हणता येत नाही. भाषेच्या उगमावर खात्रीने बोलता येते ते फारच थोडे. तिच्या आजच्या वाटांवर मात्र पुष्कळ बोलता येते. बागलाण, मालेगाव, कळवण या बाजूला अहिराणी बोलतात. तेथे ‘रामना पोऱ्या’, ‘मना भाऊ’ अशी षष्ठीची रूपे ऐकू येतात, ती गुजरातीला जवळची आहेत, तर बाकीचा पुष्कळ शब्दसाठा मराठीच्या कुळातला आहे. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सन यांनी आपल्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात खानदेशी आणि भिल्लांच्या बोली एकत्र घेतल्या. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत ऐकणाऱ्याला वगळण्याचा किंवा सामावून घेण्याचा जो भेद आहे, तोही द्राविडी भाषांच्या दीर्घ शेजाराचा परिणाम मानला जातो.

बोलीवरून रक्त ओळखण्याचा प्रयत्न येथे पार फसतो. कर्नाटकातील सिद्दी आफ्रिकी वंशाचे आहेत आणि त्यांतील बरेच जण कोकणी किंवा कन्नड बोलतात. कोकणातील बेने इस्राएल समाजाची घरची भाषा मराठी. गोंडांपैकी काही द्राविडी कुळातील गोंडी बोलतात, काही पिढ्यांपासून मराठी. अहिराणी बोलणाऱ्यांत शेतकरी, माळी, भिल्ल असे सगळे असतात. तरीही आमचे मूळ अमुक ठिकाणचे, कारण आमच्या बोलीत तमुक शब्द आहे, असे सांगणारे लेख समाजमेळाव्यांच्या स्मरणिकांमधून दरवर्षी छापले जातात. मी ते आवडीने वाचते, कारण लोक स्वतःविषयी काय सांगू इच्छितात याचा तो उत्तम दस्तऐवज असतो. मूळ शोधण्यासाठी मात्र त्यांचा उपयोग नाही.

शेतावर काम करणाऱ्या माणसाशी बोलताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. शहरातील माणूस डावीकडे-उजवीकडे सांगतो. दिंडोरीतला शेतकरी ‘उगवतीच्या बांधाला’, ‘मावळतीच्या अंगाला’ असे सांगतो, आणि घरात बसूनही त्याची दिशा चुकत नाही. ऑस्ट्रेलियातील गुगु यिमिथिर भाषकांवर या संदर्भात झालेले संशोधन आता प्रसिद्ध आहे, कारण त्यांच्या भाषेत स्वतःच्या डाव्या-उजव्यापेक्षा दिशांचाच वापर होतो. भाषा विचाराला कैद करते, असे यातून सिद्ध होत नाही; भाषेची रोजची मागणी लक्ष कोठे द्यायचे याची सवय लावते, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

आता नात्यांकडे येते, कारण माझा बहुतेक दिवस त्यांच्यातच जातो. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रिव्हर्स यांनी १८९८ च्या टोरेस सामुद्रधुनीच्या (ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्या मधल्या) मोहिमेत वंशावळी गोळा करण्याची जी पद्धत घडवली, तीच थोड्याफार फरकाने आम्ही वापरतो: पुरुषासाठी त्रिकोण, स्त्रीसाठी वर्तुळ, लग्नासाठी दोन समांतर रेषा, मृतासाठी तिरकी रेघ. पेठजवळच्या एका पाड्यावर ओटीवर बसून असा तक्ता काढताना घरातील म्हातारी आजी माझ्या वहीकडे पाहत होती. तिला अक्षर वाचता येत नव्हते, पण चार त्रिकोण झाल्यावर तिने बोट ठेवून सांगितले की येथे एक वर्तुळ राहिले; तिची धाकटी नणंद, जी लहानपणीच गेली, तिला कोणी मोजत नाही म्हणून मुलाने सांगितली नव्हती. त्यानंतर तक्ता आजीच सांगू लागली आणि मी फक्त काढत गेले.

‘विवाहित की अविवाहित’ हा रकानाही या भागात नीट चालत नाही. लग्नाचा खर्च जमेपर्यंत अनेक जोडपी एकत्र संसार करतात, त्यांना मुले होतात, आणि मग सवडीने मांडव पडतो. गावाच्या दृष्टीने त्यात काही वावगे नसते. छापील प्रश्नावलीत मात्र अशा बाईसाठी जागा नसते आणि नवखा सर्वेक्षक तिला अविवाहित माता करून टाकतो. त्याचप्रमाणे दिवाळीच्या आगेमागे गेलात तर अर्धी घरे बंद दिसतात, कारण भात-नागलीची कामे उरकून माणसे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरलेली असतात. गिरणारे येथे पहाटे मजुरांचा बाजार भरतो तेथे तीच माणसे भेटतात. गाव म्हणजे नकाशावरचा ठिपका, असे धरून चालणाऱ्याला या गावाची लोकसंख्या कधीच नीट मोजता येणार नाही.

आपल्याकडच्या लग्नव्यवहाराचे इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये केलेले विश्लेषण आजही उपयोगी पडते. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते पसंतीचे, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधला: येथे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी सहसा चालत नाही. सून सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणत असे, त्यामागे हीच रचना आहे. मामाच्या मुलीशी लग्न झाले की त्या मुलीची सासू तिची आत्याच असते. शहरातील ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या असे लग्न झालेले नाही, त्यांतही ही संबोधने बराच काळ टिकून राहिली.

ही माहिती मौजेची म्हणून ठीक आहे, असे वाटत असतानाच सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे काम सुरू झाले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. असे एकच जनुक असलेला माणूस वाहक असतो, त्याला बहुधा त्रास होत नाही, उलट फाल्सिपेरम मलेरियापासून त्याला काही संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. म्हणूनच मलेरियाच्या जुन्या प्रदेशांत हे जनुक टिकले. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते. जनुक टिकण्याचे कारण शारीरिक शाखा सांगते, ते एका समाजात एकवटण्याचे कारण आपल्यातच लग्न करण्याची रीत सांगते, आणि मामाच्या मुलीशी लग्न झाल्यास तेच जनुक दोघांत असण्याची शक्यता का वाढते, हे वंशावळीचा तक्ता डोळ्यांसमोर ठेवल्यावर पाड्यावरच्या माणसाला डॉक्टरांच्या व्याख्यानापेक्षा लवकर कळते.

पण कळणे आणि होणे यांत अंतर राहतेच. तरुण-तरुणी दोघेही वाहक निघाले की सोयरीक मोडते, इथपर्यंत ठीक. प्रत्यक्षात मुलगी एकटी वाहक निघाली तरी बोलणी थांबतात, मुलगा वाहक निघाला तर ती गोष्ट दडवली जाते. जनुक आई किंवा बाप कोणाकडूनही येते, हे सर्वांनी ऐकलेले असते आणि मान डोलावून मान्यही केलेले असते. लोक काय म्हणतात आणि काय करतात हे स्वतंत्रपणे नोंदवावे, असे मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांच्या प्रशांत महासागरातील ट्रोब्रिअंड बेटांवरील कामापासून शिकवले जाते, ते यासाठी.

हे अंतर दोन हजार वर्षांपूर्वीही होते. पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, असे त्यात अभिमानाने नोंदवलेले आहे. त्याच सातवाहन घराण्यातील वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी मात्र कार्दमक क्षत्रपांची, म्हणजे परकीय मानल्या गेलेल्या घराण्यातील होती, असे कान्हेरीचा लेख सांगतो. आईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या राजांमुळे सातवाहन मातृसत्ताक होते, असेही वाहिन्यांवर ऐकायला मिळते. वारसा मात्र बापाकडून मुलाकडेच जात होता.

शिक्षणाबद्दल माझी एक तक्रार आहे. आपल्याकडे मानवशास्त्र म्हणजे आदिवासींचा अभ्यास, असे समीकरण अजून पक्के आहे आणि विद्यार्थ्यांचा क्षेत्रकार्याचा महिना ठरल्यासारखा पाड्यांवरच जातो. नाशिक जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्या सुमारे एक चतुर्थांश आहे, आदिवासी विकास आयुक्तालय येथेच आहे, त्यामुळे हे स्वाभाविक असले तरी अपुरे आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील पाळ्या, पिंपळगावच्या बाजार समितीतील लिलावाची बोली, सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी आणि वैष्णव आखाडे नाशिकला उतरतात त्यामागची मानापमानाची व्यवस्था, हे सारे याच पद्धतीने अभ्यासता येते. नोकऱ्यांच्या दृष्टीनेही ते हिताचे ठरेल. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण किंवा पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांतील जागा मोजक्याच असतात, आणि आरोग्य, वनहक्क, वस्तुसंग्रहालये, बाजार-संशोधन या क्षेत्रांत काम मिळते ते मोजायची आणि ऐकायची दोन्ही कामे येणाऱ्याला.

वर्गातील एक बदल मात्र समाधानाचा आहे. ज्यांच्याविषयी आजवर लिहिले गेले त्या समाजांतील मुले-मुली आता स्वतः हा विषय घेऊ लागली आहेत आणि त्यांचे प्रश्न वेगळे असतात. सुरगाण्याकडचा एक विद्यार्थी कोकणा समाजातील थाळगान कथांचे ध्वनिमुद्रण करतो आहे. गाणाऱ्या वयस्क कलाकाराने त्याला पहिलाच प्रश्न विचारला की मुद्रण झाल्यावर ते राहणार कोठे, आणि एक प्रत गावात राहिली पाहिजे, ती ऐकायला कोणाची परवानगी लागता कामा नये, अशी अट घातली. विभागाने दिलेल्या छापील संमतीपत्रात अशा अटीसाठी रकाना नव्हता. विद्यार्थ्याने ती पानाच्या समासात हाताने लिहून खाली दोघांच्या सह्या घेतल्या, आणि मार्गदर्शकांनी आता तो मजकूर पुढच्या तुकडीच्या नमुन्यात घालायला सांगितले आहे.